हिशेबाची वही दाराबाहेर

येशूकडे प्रश्न घेऊन आलेली कितीतरी माणसं शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रांत, भेटतात. त्यांतला एक श्रीमंत माणूस माझ्या मनातून कधी जात नाही. त्याचं नाव कुणी नोंदवलेलं नाही. ती चरित्रं लिहिणाऱ्यांपैकी मत्तय त्याला तरुण म्हणतो, लूक अधिकारी म्हणतो, आणि मार्क सांगतो की तो धावत आला, येशूपुढे त्यानं गुडघे टेकले आणि विचारलं, सार्वकालिक जीवन मिळावं म्हणून मी काय करू? धावत आला, हे मला महत्त्वाचं वाटतं. पैसाअडका आणि मानमरातब असलेली माणसं चारचौघांत धावत नाहीत. ह्याला मनापासून हवं होतं.

येशूनं त्याला आज्ञांची आठवण करून दिली. खून करू नकोस, व्यभिचार करू नकोस, चोरी करू नकोस, खोटी साक्ष देऊ नकोस, आईबापांचा मान राख. तो म्हणाला, हे सगळं मी लहानपणापासून पाळत आलोय. त्यावर येशूनं त्याला ढोंगी म्हटलं नाही. उलट मार्कच्या दहाव्या अध्यायात इथं एक छोटं वाक्य येतं, जे मत्तय आणि लूक यांनी लिहिलेलं नाही: येशूनं त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि त्याला त्याच्याविषयी प्रीती वाटली. आणि मग सांगितलं, तुझ्यात एक उणीव आहे. जा, असेल ते विकून टाक, गोरगरिबांना दे आणि ये, माझ्यामागे चल.

त्याचा चेहरा उतरला. तो खिन्न होऊन निघून गेला, कारण त्याची मालमत्ता फार होती.

येशू त्याच्या मागे गेला नाही. ‘बरं, निम्मं दे’ असंही म्हणाला नाही. ज्याच्यावर इतकी प्रीती वाटली, त्याला त्यानं पाठमोरं जाऊ दिलं. मी लहान असताना मला ह्या गोष्टीत येशू कठोर वाटायचा. आता वाटतं, अट सैल केली असती तर ती प्रीती उरलीच नसती. त्या माणसाला आयुष्यभर त्याच्या मालमत्तेसोबतच राहावं लागलं असतं, फक्त वर तारणाचा, म्हणजे देवानं पापातून सोडवल्याचा, शिक्का बसला असता.

पुढचं वाक्य सगळ्यांना पाठ आहे: श्रीमंताचा देवाच्या राज्यात प्रवेश होण्यापेक्षा उंटानं सुईच्या नाकातून जाणं सोपं. ह्या वाक्याची धार बोथट करायचे प्रयत्न शतकानुशतकं चालले आहेत. यरुशलेमच्या तटाला ‘सुईचं नाक’ नावाचं एक बुटकं दार होतं, उंट गुडघ्यावर बसून, पाठीवरचं ओझं उतरवून त्यातून जायचा, असं मी कितीतरी उपदेशांत ऐकलंय. ऐकायला छान आहे, पण येशूच्या काळात तसं दार असल्याचा काहीच पुरावा नाही. आणि शिष्यांनी तरी ते वाक्य तसं ऐकलं नव्हतं. ते हादरले. म्हणाले, मग तारण कुणाचं होणार? त्यांना जर ते बुटकं दार ठाऊक असतं तर त्यांनी हा प्रश्न विचारला नसता. येशूचं उत्तरही दाराविषयी नाही. तो म्हणतो, माणसांना हे अशक्य आहे, देवाला नाही.

ख्रिस्ती तारणाची सगळी गोष्ट मला ह्या एका संवादात दिसते. जे मागितलं आहे ते माझ्यानं होणार नाही, आणि जे माझ्यानं होणार नाही ते मला दिलं जाणार आहे. ही दोन्ही टोकं एकाच हातात धरून चालायचं. त्यातलं एक सोडलं की चालणं सोपं होतं, पण मग तो हा मार्ग राहत नाही.

ते चालणं कसं असतं हे लूक पुढच्याच अध्यायात दाखवतो. श्रीमंत अधिकारी अठराव्यात आणि जक्कय एकोणिसाव्यात, हा क्रम मला सहज आलेला वाटत नाही. जक्कयही श्रीमंतच, आणि त्याची श्रीमंती तर डागाळलेली. यरीहोतला मुख्य जकातदार. रोमी सत्तेसाठी आपल्याच लोकांकडून कर उकळणारा, आणि वर स्वतःचा खिसा भरणारा. ठेंगणा होता म्हणून उंबराच्या झाडावर चढला. येशू झाडाखाली थांबला आणि म्हणाला, लवकर खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. आज्ञांची उजळणी नाही, मालमत्तेची चौकशी नाही, आधी हिशेब चुकता कर मग येतो, असंही नाही. लोक कुरकुरले, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही कुरकुरलो असतो. पण जेवणाच्या त्या घरात जक्कय उभा राहिला आणि कुणी न मागता म्हणाला, माझं निम्मं धन गरिबांना देतो, आणि कुणाला लुबाडलं असेल तर चौपट परत करतो.

श्रीमंत तरुणानं आधी विचारलं होतं, मी काय करू. जक्कयला काही विचारायच्या आतच पाहुणा दारात आला. आधी कृपा, मग चौपट परतफेड. पण परतफेड झाली, हे विसरायचं नाही. येशू ‘आज ह्या घराला तारण झालं आहे’ हे म्हणाला ते जक्कयचं बोलणं झाल्यानंतर.

ह्या क्रमावरून ख्रिस्ती लोक किती भांडले, ते आठवलं की वाईट वाटतं. प्रेषित पौल इफिस शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहितो की तुमचं तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे झालं आहे, ते तुमच्या हातून झालेलं नाही, ते देवाचं दान आहे, कुणी बढाई मारू नये म्हणून ते कर्मांनी होत नाही. नव्या करारातल्याच दुसऱ्या पत्रात याकोब लिहितो की कर्मांवाचून विश्वास निर्जीव आहे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलागियस नावाचा एक धर्मशिक्षक शिकवत होता की माणसानं मनावर घेतलं तर तो देवाच्या आज्ञा पाळू शकतो. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन त्याच्याविरुद्ध उभा राहिला, कारण स्वतःच्या इच्छाशक्तीच्या दुबळेपणाचा त्यानं पुरता अनुभव घेतलेला होता. ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेनं पेलागियसची शिकवण नाकारली. मग १५१७ मध्ये विटेनबर्गचा मार्टिन ल्यूथर पापाच्या शिक्षेतून सुटका देणाऱ्या पत्रांच्या विक्रीवर तुटून पडला, आणि पश्चिमेची मंडळी, म्हणजे चर्च, दुभंगली. ट्रेंटच्या परिषदेनं १५४७ मध्ये रोमन कॅथलिक बाजू मांडली. दोन्हीकडून एकमेकांना शाप दिले गेले, युद्धं झाली, माणसं जाळली गेली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्गमध्ये कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक महासंघ यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या: आपण केवळ कृपेनं, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासानं, आपल्या कुठल्याही पुण्याईशिवाय स्वीकारले जातो, आणि पवित्र आत्मा आपली हृदयं नवी करून आपल्याला चांगल्या कामांसाठी सिद्ध करतो. ल्यूथरपासून ह्या सह्यांपर्यंत ४८२ वर्षं गेली. बाकावर बसून गुपचूप प्रार्थना करणाऱ्या साध्यासुध्या बायकांना ह्यातलं बरंचसं आधीपासून माहीत असावं, असं मला वाटत राहतं.

पण कृपा फुकट आहे, हे म्हणता म्हणता ती स्वस्त होते. डीट्रिख बोनहोफर ह्या जर्मन पाळकानं १९३७ मध्ये नेमक्या ह्या रोगावर बोट ठेवलं. पश्चात्तापाशिवाय क्षमा, वधस्तंभाशिवाय कृपा, येशूच्या मागे न जाता येशूचं नाव. त्याच्या देशातली कितीतरी चर्चं तेव्हा हिटलरपुढे मान तुकवून रविवारची उपासना व्यवस्थित चालवत होती. १९३९ च्या उन्हाळ्यात बोनहोफर न्यूयॉर्कला सुरक्षित पोचलेला होता. काही आठवड्यांतच तो परत फिरला. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिलं गेलं.

मी त्याच्याविषयी वाचतो तेव्हा मला लाज वाटण्यापेक्षा भीती वाटते. माझ्यासमोर फासाचा दोर नाही, हे माझं भाग्य. पण माझ्यासमोर जे आहे त्यातही मी येशूच्या मागे कितीसा जातो, हा प्रश्न दोर नसल्यामुळे सुटत नाही.

आणि मागे जायला लागल्यावरही माणूस किती सावकाश बदलतो, हे पाहायचं असेल तर जॉन न्यूटनकडे पाहावं. कृपेवरचं त्याचं गीत, ‘अमेझिंग ग्रेस’, आज जगभर गायलं जातं. मार्च १७४८ मध्ये अटलांटिकमध्ये त्याचं जहाज वादळात सापडलं, पाणी आत भरू लागलं, आणि देवाधर्माची टवाळी करणारा हा खलाशी देवाची दया भाकू लागला. तो वाचला. आपलं नवं आयुष्य त्या दिवसापासून सुरू झालं असं तो पुढे मानत आला. आपण उपदेशात ही गोष्ट इथपर्यंत सांगतो आणि गीत म्हणायला उभे राहतो.

मधलं कुणी सांगत नाही. त्या वादळानंतर न्यूटन गुलामांच्या जहाजावर गेला, आणि पुढे अशा जहाजांचा कप्तान झाला. रविवारी तो आपल्या खलाशांसाठी प्रार्थना चालवायचा, आणि त्याच फळ्यांच्या खाली आफ्रिकेतून आणलेली माणसं बेड्यांमध्ये एकमेकांना खेटून पडलेली असायची. १७५४ मध्ये त्यानं समुद्र सोडला तो सदसद्विवेक जागा झाला म्हणून नाही, तब्येतीनं दगा दिला म्हणून. १७६४ मध्ये त्याला पाळकाची दीक्षा मिळाली. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्यानं जाहीरपणे लिहिलं ते १७८८ मध्ये, वादळानंतर चाळीस वर्षांनी. त्यात आपण स्वतः ह्या धंद्यात होतो हे त्यानं लपवलं नाही, आणि जे पाहिलं ते सगळं सांगितलं. त्याचं म्हणणं आणि त्याची साक्ष ह्या दोन्हींचा लढ्याला उपयोग झाला. ब्रिटिश संसदेनं १८०७ च्या मार्चमध्ये हा व्यापार बंद करणारा कायदा केला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये न्यूटन वारला.

ही मधली वर्षं वाचून काही जण म्हणतील, मग ते वादळातलं तारण खोटंच होतं. मी तसं म्हणणार नाही. पण देव धीरानं घेतो, सगळं हळूहळू होतं, असं म्हणून मला ती वर्षं झाकूनही टाकता येत नाहीत. न्यूटनच्या सावकाशीची किंमत न्यूटननं मोजली नाही. ती जहाजाच्या तळाशी पडलेल्या माणसांनी मोजली. माझ्या सावकाशीची किंमतही कुणीतरी मोजत असणार: घरातलं कुणी, हाताखालचं कुणी, किंवा ज्याचं नावही मला ठाऊक नाही असं कुणी. तारण हा फक्त माझा आणि देवाचा खासगी व्यवहार आहे असं मानलं, की हे कुणीतरी दिसेनासं होतं. मला ह्या मार्गावरचा सगळ्यात मोठा धोका हाच वाटतो. दारू, जुगार, वाईट संगत यांवर उपदेश भरपूर होतात. प्रार्थना करता करता पायाखालची माणसं न दिसणं, ह्यावर फार कमी होतात.

मग क्षमा.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र विचारतो, माझ्या भावानं माझा अपराध केला तर मी किती वेळा क्षमा करू? सात वेळा? त्याला वाटलं असणार, सात म्हणजे खूप झालं. येशू म्हणतो, साताच्या सत्तर वेळा, आणि एक दाखला सांगतो. एका राजाचा एक दास दहा हजार तालांत देणं लागत होता. एका तालांताचे साधारण सहा हजार दीनार होत, आणि द्राक्षमळ्याच्या दाखल्यावरून कळतं की एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. एकही दिवस खाडा न करता राबलं तरी एक लाख चौसष्ट हजार वर्षं. आणि तो दास राजाच्या पाया पडून म्हणतो, जरा थांबा, सगळं फेडतो! राजाला त्याची दया येते आणि तो ते सगळं कर्ज सोडून देतो. तोच दास बाहेर पडतो आणि शंभर दीनार देणं असलेल्या सोबतीची मानगूट धरतो.

इथं उपदेशक बहुतेक वेळा सांगतात की शंभर दीनार म्हणजे अगदीच क्षुल्लक रक्कम. मला ते पटत नाही. शंभर दीनार म्हणजे शंभर दिवसांची मजुरी. हातावर पोट असलेल्या माणसाचे तीन-सव्वातीन महिने. ज्याचे ते बुडाले त्याच्या घरात खरोखर चूल विझली असेल. येशूनं एक दीनार म्हटलं असतं तरी दाखला चालला असता. त्यानं शंभर म्हटलं, म्हणजे तुझं नुकसान झालंच नाही असं तो म्हणत नाही. तुझं नुकसान खरं आहे, आणि तरीही सोड, असं म्हणतो. हे जास्त अवघड आहे, आणि जास्त प्रामाणिक आहे.

वडील गेल्यानंतर आमच्या एका जवळच्या नातेवाइकानं घराच्या वाटणीत आम्हाला फसवलं. तपशिलात जात नाही. त्या काळात आई रोज रात्री बायबल घेऊन बसायची. बायबलच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तिनं पेन्सिलीनं नावांची यादी केलेली होती, ज्यांच्यासाठी ती प्रार्थना करायची त्यांची. आजारी माणसं, परीक्षेला बसलेली मुलं, पोट न पिकणाऱ्या सुना. एकदा तिचा चष्मा शोधताना ते पान माझ्यासमोर उघडलं. यादीत मधोमध त्या नातेवाइकाचं नाव होतं. ते इतक्या वेळा खोडून पुन्हा लिहिलेलं होतं, की तिथला कागद झिजून तंतू वर आले होते. उजेडाला धरलं असतं तर आरपार दिसलं असतं.

मी तिला विचारलं, हे काय?

‘राग आला की खोडते,’ ती म्हणाली. ‘मग झोप लागत नाही. मग उठून परत लिहिते.’

साताच्या सत्तर वेळा हा आकडा मी नेहमी वेगवेगळ्या अपराधांचा समजत आलो होतो. त्या झिजलेल्या कागदाकडे पाहून पहिल्यांदा वाटलं, की तो एकाच अपराधाचाही असू शकतो. काल रात्री सोडलेलं देणं आज सकाळी उठल्याबरोबर पुन्हा वसूल करावंसं वाटतं, आणि पुन्हा सोडावं लागतं.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. आईनं कोर्टातला दावा मागे घेतला नाही. मंडळीतल्या एक-दोघांनी तिला सुचवूनही पाहिलं, की ख्रिस्ती माणसानं कोर्टात जाऊ नये, सोडून द्यावं. ती म्हणाली, ‘क्षमा माझ्या मनाची आहे. घर माझ्या मुलांचं आहे.’ त्यावर कुणाला काही बोलता आलं नाही. क्षमेच्या नावाखाली मार खाणाऱ्या बायकोला घरी परत पाठवणारे पाळक आहेत, आणि लुबाडलेल्या माणसाला गप्प बसवणारे वडीलधारे आहेत. मी त्यांना स्पष्ट सांगेन, ते जे शिकवतात ती येशूची क्षमा नाही. जक्कयनं चौपट परत केलं. मत्तयाच्या त्याच अठराव्या अध्यायात, क्षमेच्या दाखल्याच्या जरा आधी, येशू सांगतो की भावानं अपराध केला तर त्याला जाऊन त्याचा दोष दाखव, नाही ऐकलं तर एकदोघांना सोबत ने, तरी नाही ऐकलं तर मंडळीला सांग. दोष दाखवणं आणि क्षमा करणं एकाच अध्यायात शेजारी शेजारी आहेत. जी क्षमा सत्य लपवायला सांगते, तिचा फायदा अपराध्यालाही होत नाही, कारण त्याला पश्चात्तापापर्यंत पोचायची वाटच बंद होते.

आता मी जे म्हणायला बसलो होतो, तिथं येतो. येशू म्हणतो, अरुंद दरवाजानं आत जा. तो दरवाजा अरुंद का, ह्याचं उत्तर मी बरीच वर्षं आज्ञांमध्ये शोधत होतो. एवढं सगळं पाळायचं म्हणजे वाट अरुंदच असणार. आता वाटतं, दरवाजा अरुंद आहे कारण हिशेबाची वही घेऊन त्यातून आत जाता येत नाही. मी केलेल्या चांगल्याची पानं बाहेर ठेवावी लागतात, हे श्रीमंत तरुणाला जड गेलं. दुसऱ्यानं केलेल्या वाईटाची पानंही बाहेर ठेवावी लागतात, आणि हे माझ्यासारख्यांना जड जातं, जे जन्मापासून मंडळीत वाढले, ज्यांनी फार मोठं पाप केलं नाही आणि ज्यांना ते पक्कं ठाऊक आहे.

म्हणूनच येशूचे काही दाखले चांगल्या माणसांना जास्त खुपतात. द्राक्षमळ्यात दिवसाच्या शेवटच्या तासाला आलेल्या मजुराला पहाटे आलेल्याइतकाच एक दीनार मिळतो. दिवसभर उन्हात राबलेले कुरकुरतात, आणि कुणी कितीही समजावलं तरी त्यांची कुरकुर मला समजते. उधळ्या मुलाच्या गोष्टीत धाकटा आपला वाटा उधळून घरी परततो, बाप त्याच्यासाठी मेजवानी घालतो, पण थोरला अंगणातच उभा राहतो. बाप बाहेर येऊन त्याची विनवणी करतो. तो आत गेला की नाही, हे लूक सांगत नाही. आणि येशूच्या शेजारच्या वधस्तंभावरचा तो अपराधी. त्याला ना बाप्तिस्मा घ्यायला वेळ मिळाला, ना कुणाचं चौपट परत करायला. येशू त्याला म्हणतो, आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. त्यानं ज्यांना लुबाडलं असेल, त्यांच्यापैकी कुणी त्या दिवशी गर्दीत उभं होतं का, असा प्रश्न मला दरवर्षी शुभ शुक्रवारच्या उपासनेत पडतो. असेल तर त्याला ते ऐकून काय वाटलं असेल?

मी तो प्रश्न स्वतःला वळवून विचारून पाहिलाय. आमच्या त्या नातेवाइकाला अखेरच्या घटकेला खरा पश्चात्ताप झाला आणि देवानं त्याला जवळ घेतलं, तर मला आनंद होईल का? होईल, असं उत्तर मला ताबडतोब देता येत नाही. आणि नाही होणार असं म्हटलं, तर मी अंगणात थोरल्या भावाशेजारी उभा आहे. आतून गाण्याबजावण्याचा आवाज येतोय, बाप दारात उभा आहे, आणि मी त्याला माझी वर्षं मोजून दाखवतोय. तारण मिळवणं कठीण आहे असं आपण म्हणतो. मला अधिक कठीण वाटतं ते हे, की मला ज्या भावात तारण मिळालं त्याच भावात ते त्यालाही मिळावं, हे मान्य करणं.

प्रभूची प्रार्थना म्हणताना मी अजूनही एका ओळीशी अडखळतो: जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड. शेजारचा मोठ्यानं म्हणत असतो, लहान मुलं पाठ केलेलं घडाघडा म्हणत असतात. काही रविवारी मी ती ओळ संपेपर्यंत गप्प राहतो. काही रविवारी म्हणतो, आणि म्हणताना मला कळत असतं की मी स्वतःविरुद्ध एक माप देवाच्या हातात ठेवतोय. देव तेच माप वापरणार असेल तर मी वाचणार नाही. आणि त्या क्षणी माणसांना हे अशक्य आहे, देवाला नाही, ह्या वाक्याशिवाय मला धरायला काहीच उरत नाही.

पेत्राला हे सगळं मोठ्या कळवळ्यानं शिकवलं गेलं. येशूला अटक झाली त्या रात्री मुख्य याजकाच्या अंगणात कोळशाची शेकोटी होती, आणि तिथं ऊब घेत उभा असताना त्यानं तीनदा सांगितलं, मी त्याला ओळखत नाही. पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या सरोवराकाठी येशूनं शिष्यांसाठी न्याहारी केली, तीही कोळशाच्या विस्तवावर. चौथं शुभवर्तमान लिहिणारा योहान दोन्ही ठिकाणी कोळशांचा मुद्दाम उल्लेख करतो. मासे आणि भाकर खाऊन झाल्यावर येशू पेत्राला तीनदा विचारतो, तू माझ्यावर प्रीती करतोस का? त्या रात्रीविषयी एक शब्दही नाही. जाब नाही, परतफेडीची मागणी नाही. तीन नकारांच्या जागी तीन वेळा एकच काम: माझी मेंढरं राख, चार. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला वाईट वाटलं, असं योहान लिहितो. ते वाईट वाटणं मला फार खरं वाटतं. क्षमाही दुखते. मग येशू त्याला त्याचं मरण कसं असेल ते सुचवतो आणि म्हणतो, माझ्यामागे ये.

इतकी क्षमा पदरात पडलेला पेत्र त्यानंतर काय करतो? तो मागे वळून पाहतो. येशूचा आवडता शिष्य मागून येताना दिसतो. आणि पेत्र विचारतो, प्रभू, ह्याचं काय?

माझं मरण तर सांगितलंस, ह्याच्या वाट्याला काय? वही पुन्हा उघडलेली. येशू म्हणतो, मी येईपर्यंत तो राहावा अशी माझी इच्छा असली, तर तुला त्याचं काय? तू माझ्यामागे ये.

आणि योहान पुढच्याच वचनात नोंदवतो की एवढ्यावरून बंधुवर्गात बोलवा पसरली, तो दुसरा शिष्य मरणार नाही म्हणून. येशू तसं म्हणालाच नव्हता, हे त्याला पुन्हा स्पष्ट करून लिहावं लागलं. पेत्राला ‘माझ्यामागे ये’ म्हटलं होतं, त्याची चर्चा झाल्याची नोंद मात्र नाही.